जुळवलेल्या जोड्या, उरलेली माणसे : अद्भुत कादंबरीच्या शेवटाविषयी

अद्भुतरम्य कादंबरीच्या वाचकाला शेवटच्या काही प्रकरणांत एक विशिष्ट अस्वस्थता जाणवते, आणि तिचा उगम अद्भुतात नसतो. बोलणारे ड्रॅगन, मंतरलेल्या तलवारी, मेलेल्यांच्या वाटेवरून झालेला प्रवास हे सारे त्याने विनातक्रार स्वीकारलेले असते. महायुद्ध संपते, दुष्ट शक्तीचा नाश होतो, वाचायची पाने थोडी उरतात. आणि मग आतापर्यंत एकमेकांशी फारसे न बोललेली दोन माणसे एकमेकांकडे पाहतात व काही परिच्छेदांत त्यांचे लग्न ठरते. जादू पटलेली असते; लग्न पटत नाही. वाचक पुस्तक मिटतो तेव्हा त्याच्या मनात समाधानाबरोबर एक शंका रेंगाळत राहते : ही माणसे एकमेकांना सापडली, की कुणीतरी त्यांना घाईने एका बाकावर बसवले?

या शंकेची वासलात लावणे समीक्षेला सोपे गेले आहे. हा लोकप्रिय वाङ्मयप्रकार, त्याचा वाचक गोड शेवटाची अपेक्षा धरणारा, म्हणून लेखक ती अपेक्षा पुरवतो, असे म्हटले की विषय संपतो. परंतु ज्यांच्या कारागिरीविषयी संशय घ्यायला जागा नाही अशा लेखकांच्या कृतींतही ही घाई आढळते. तेव्हा तिचे मूळ लेखकाच्या आळसात किंवा वाचकाच्या अभिरुचीत शोधण्यापेक्षा या वाङ्मयप्रकाराच्या घडणीत शोधणे अधिक फलदायी ठरेल.

व्लादिमिर प्रॉप याने १९२८ साली रशियन परीकथांच्या रचनेचा अभ्यास मांडला. पात्रे आणि स्थळे कितीही बदलली तरी कथेतील कार्ये तीच राहतात, त्यांची संख्या ३१ आहे आणि त्यांचा क्रमही ठरलेला आहे, हा त्याचा सिद्धान्त सर्वपरिचित आहे. या मालिकेतील शेवटचे कार्य म्हणजे नायकाचा विवाह आणि राज्यारोहण. परीकथेत ही दोन्ही एकाच कार्यात मोडतात, ही बाब लक्षणीय आहे. राजकन्या आणि अर्धे राज्य एका श्वासात दिले जाते, कारण तेथे विवाह हे पद असते. तो दोन मनांचा व्यवहार नसतो. राजकन्येला तो मुलगा आवडला का, हा प्रश्न परीकथेत संभवत नाही. परीकथेतील माणसांना बाहेर असते, आत नसते.

विसाव्या शतकातील अद्भुत कादंबरीने हा सांगाडा जवळजवळ जसाच्या तसा उचलला. मात्र त्यात जी माणसे वावरू लागली ती परीकथेतली नव्हती. त्यांना स्मृती होती, संकोच होता, आपण कोण आहोत याविषयीचा संभ्रम होता. हे सारे तिने एकोणिसाव्या शतकातील वास्तववादी कादंबरीकडून घेतले. शोधयात्रा चालू असेपर्यंत लोककथेचा सांगाडा आणि कादंबरीचे मन यांचे बरे जमते, कारण संकट दोघांनाही पुढे ढकलत असते. शोध संपतो आणि सांधा उघडा पडतो. सांगाडा म्हणतो, आता विवाह. मन म्हणते, अजून मला काही कळलेले नाही. शेवटची घाई ही या सांध्यावर पडलेली सुरकुती आहे.

जे. आर. आर. टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या १९५४-५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झालेल्या कादंबरीतील एओविनचे उदाहरण या दृष्टीने मूलगामी ठरते. रोहनच्या राजाची ही भाची. वृद्ध आणि खचलेल्या मामाची शुश्रूषा करण्यात तिची उमेद गेली आहे. आरागॉर्न तिला युद्धावर नेण्याचे नाकारतो तेव्हा ती दोन गोष्टी बोलून दाखवते. एक, तिला मृत्यूचे भय नाही, पिंजऱ्याचे आहे. गजांआड राहून राहून त्यांचीच सवय होण्याचे आहे. दोन, पुरुष रणांगणावर मानाने पडले की मागे राहिलेल्या स्त्रियांनी घरासकट जळून जावे, एवढेच काम उरते. अशी स्त्री पुरुषवेषात युद्धावर जाते आणि ज्याला कोणीही पुरुष मारू शकणार नाही असे भाकीत आहे त्या नाझगुलांच्या म्होरक्याला मेरी या हॉबिटच्या साहाय्याने मारते. कादंबरीतील सर्वांत मोठ्या पराक्रमांपैकी हा एक होय.

त्यानंतर ती जखमी अवस्थेत मिनास तिरिथच्या आरोग्यशाळेत येते. तेथे फारामिर आहे : तोही जखमी, नुकताच पित्याला मुकलेला. दोघे बागेत आणि तटावर भेटू लागतात. पहिल्या भेटीनंतरच्या पाचव्या दिवशी पूर्वेकडचा अंधार फाटतो आणि तटावर उभ्या असलेल्या त्या दोघांचे हात नकळत एकमेकांत गुंफले जातात. पुढे काही पानांतच तो प्रेमाची कबुली देतो, तिचे मन पालटते, आणि आपण आता ढालधारिणी राहणार नाही, रोगपरिहार करू, वाढणाऱ्या गोष्टींवर प्रेम करू, असे ती जाहीर करते. वाचकाला खटकते ते येथे. एओविनने विचारलेला प्रश्न सामाजिक होता. माझ्यासारखीला या जगात काम कोणते, असे तिने विचारले होते. तिला मिळालेले उत्तर भावनिक आहे : तुझ्यावर प्रेम करणारा एक माणूस आहे. प्रश्न एका पातळीवरचा आणि उत्तर दुसऱ्या पातळीवरचे, हा येथील खरा अडथळा. दिवसांची संख्या नव्हे.

सांगाड्याची पकड किती घट्ट आहे हे पुढच्या एका तपशिलावरून ध्यानात येते. या वाङ्‌निश्चयाची घोषणा होते ती थेओडेन राजाच्या अंत्यविधीनंतरच्या भोजनप्रसंगी, आणि ती करतो एओविनचा भाऊ, नवा राजा एओमेर. दोन राज्यांचा मैत्रीसंबंध दृढ होतो. तटावरचा खाजगी क्षण दरबारातील तहात मिसळून जातो. मामाच्या मृत्यूचा शोक आणि भाचीच्या लग्नाची वार्ता एकाच पंक्तीला बसतात. विवाह आणि राज्यव्यवस्था एकाच कार्यात गोवणारी प्रॉपची परीकथा येथे कादंबरीच्या मनावर पुन्हा हक्क सांगते.

या घाईविषयीचा आक्षेप टॉल्किन यांच्यापर्यंत पोहोचला होता. १९६३च्या सुमारास लिहिलेल्या एका पत्राच्या मसुद्यात त्यांनी त्याला उत्तर दिले आहे. मृत्यू समोर उभा असतो अशा तणावाच्या काळात भावना आणि निर्णय फार लवकर पक्व होतात, असा आपला अनुभव आहे, असे त्या उत्तराचे सार. हा अनुभव पुस्तकी नव्हता. टॉल्किन आणि एडिथ ब्रॅट यांचा विवाह २२ मार्च १९१६ रोजी झाला. जूनमध्ये ते फ्रान्सला आघाडीवर गेले आणि सोमच्या लढाईत होते. ज्या पिढीने दोन रजांच्या मध्ये लग्ने केली, त्या पिढीच्या एका माणसाचे हे म्हणणे आहे. शांततेच्या काळात वाढलेल्या वाचकाने ते हलकेपणाने घेऊ नये.

तरीही या उत्तराने आक्षेपाचे पूर्ण निरसन होत नाही, कारण घाई दोन प्रकारची असते आणि टॉल्किन यांनी त्यांपैकी एकीचेच समर्थन केले आहे. एक घाई पात्रांची, दुसरी कथनाची. जेरार झ्नेत याने १९७२ मध्ये कथनमीमांसेत कथेतील काळ आणि कथनाने त्याला दिलेला अवकाश यांत जो भेद केला, तो येथे उपयोगी पडतो. एओविन आणि फारामिर यांची घाई पात्रांची आहे; कथन मात्र त्यांच्यासाठी थांबते, तटावरचा वारा आणि दोघांचे मौन नोंदवते. आरागॉर्न आणि आर्वेन यांच्याबाबत नेमके उलटे घडते. परिशिष्टातील कालगणनेनुसार त्यांची पहिली भेट २९५१ साली, वचनबद्धता २९८० मध्ये आणि विवाह ३०१९ मध्ये होतो. म्हणजे ६८ वर्षांची ही प्रीती. पण मुख्य कथनात आर्वेन मेजवानीच्या प्रसंगी ओझरती दिसते, एक ध्वज विणून पाठवते आणि अखेरीस वधू म्हणून अवतरते. तिची कहाणी परिशिष्टात गेली; कथनाची चौकट हॉबिटांभोवती बेतलेली असल्याने ती मुख्य भागात बसवता आली नाही, असे लेखकानेच सांगितले आहे. परिणाम असा की पाच दिवसांचे प्रेम वाचकाला निदान दिसते आणि ६८ वर्षांचे प्रेम त्याला उपरे वाटते. कालावधीवरून जोडीची सत्यता ठरत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

मग ती कशावरून ठरते? सॅम आणि रोझी यांचे उदाहरण याचे उत्तर सुचवते. रोझीला जवळजवळ स्थानच नाही. मृत्यूच्या डोंगराच्या वाटेवर पाणी संपलेले असताना सॅमला गावच्या तळ्यातली अंघोळ आठवते, आणि त्या आठवणीत रोझी व तिचे भाऊ असतात. एवढाच तिचा पूर्वरंग. तरी त्यांच्या लग्नाने वाचक दचकत नाही. सॅमचा प्रश्न आरंभापासून घरी परतण्याचा आहे, आणि रोझी हा त्या घराचा चेहरा आहे. विवाह ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून येतो तो प्रश्न त्या पात्राचा स्वतःचा असेल, तर जोडी थोडक्या शब्दांतही उभी राहते. तो सांगाड्याचा प्रश्न असेल, तर पानेच्या पाने खर्चूनही ती जुळवलेलीच राहते.

येथे कादंबरीतील सर्वांत एकाकी माणसाकडे वळणे आवश्यक आहे. फ्रोडो परत येतो, पण त्याच्या जखमा परतत नाहीत त्या काळात : ६ ऑक्टोबरला खांद्यावरचा सुऱ्याचा घाव ठसठसतो, १३ मार्चला कोळिणीच्या विषाची आठवण त्याला आजारी पाडते. त्याच्या वेदनेला तारखा आहेत. सॅम त्याच घरात राहायला येतो, संसार थाटतो, मुलगी होते. आणि फ्रोडो पश्चिमेकडे जाणाऱ्या गलबतावर चढतो. ही रचना अतिशय हळुवार आहे, पण तिच्यातील गृहीतक कठोर आहे. ज्याची जोडी जुळली तो या जगात राहतो; ज्याची जुळली नाही त्याला जग सोडावे लागते. एकट्याने, जखमेसह, इथेच जगत राहणे ही शक्यता शिल्लक राहत नाही. एओविनपुढेही हेच दोन पर्याय होते, आणि आरोग्यशाळेत शिरताना तिचा कल मृत्यूकडे होता. तेव्हा तिचे घाईचे लग्न म्हणजे तिला या जगात ठेवून घेण्याची कथनाची धडपड होय. त्या घाईत करुणा आहे. पण त्या करुणेला दुसरा मार्ग ठाऊक नाही.

करुणेची जागा सोयीने घेतली म्हणजे काय होते, ते जे. के. रोलिंग यांच्या मालिकेच्या अखेरीस दिसते. 'हॅरी पॉटर अँड द डेथली हॅलोज' हा सातवा खंड जुलै २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. युद्ध संपते, आणि पान उलटताच १९ वर्षे उलटलेली असतात. रेल्वेच्या फलाटावर हॅरी आणि जिनी, रॉन आणि हर्मायनी आपापल्या मुलांना शाळेला पाठवायला उभे आहेत. मुलांना गेलेल्यांची नावे आहेत. हॅरीच्या कपाळावरचा व्रण या १९ वर्षांत दुखलेला नाही. हा उपसंहार फार आधीच कल्पिलेला होता. आणि २०१४ मध्ये, चित्रपटांत हर्मायनीची भूमिका करणाऱ्या एमा वॉटसन यांनी घेतलेल्या मुलाखतीत, हर्मायनी आणि रॉन यांची जोडी वाङ्मयीन कारणांपेक्षा इच्छापूर्तीतून व मूळ आराखड्याला चिकटून राहण्यातून आली, अशा आशयाची कबुली रोलिंग यांनी दिली. सात खंडांत पात्रे वाढली, आराखडा वाढला नाही.

परंतु या उपसंहाराचा दोष जोड्यांच्या निवडीत शोधणे वरवरचे होईल. कोणी कोणाशी लग्न करावयास हवे होते यावर वाचकांनी घातलेले वाद रंजक असले तरी ते मुद्द्याला स्पर्श करत नाहीत. गाळलेली १९ वर्षे ही शोकाची वर्षे होती. जिनी आणि रॉन यांचा भाऊ फ्रेड त्या युद्धात गेला. ल्युपिन आणि टाँक्स तान्ह्या मुलाला मागे ठेवून गेले. ज्यांचे जवळचे माणूस एकाच रात्री गेले अशी तरुण मुले एकमेकांजवळ कशी आली, दुःखाने त्यांना जोडले की काही काळ तोडले, रात्री कोण जागे राहिले, हे सारे दोन प्रकरणांमधल्या कोऱ्या जागेत गडप झाले आहे. विवाहाने शोकाची जागा घेतली. फ्रोडोच्या जखमेला तारखा होत्या. हॅरीच्या व्रणाला आता केवळ इतिहास आहे. युद्ध संपले की दुखणे थांबते, असे आश्वासन त्या फलाटावर मिळते. ज्या वाचकाचे दुखणे थांबलेले नाही त्याला ते आश्वासन आपल्यासाठी नाही हे चटकन कळते.

१९ वर्षे हा आकडा अद्भुत कादंबरीच्या इतिहासात आणखी एके ठिकाणी भेटतो, आणि तेथे त्याचा अर्थ अगदी निराळा आहे. उर्सुला ल ग्विन यांची 'द टूम्ब्ज ऑफ अतुआन' ही कादंबरी १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. थडग्यांची पुजारीण तेनार आणि तिच्या भुयारात कैद झालेला जादूगार गेड एकमेकांना सोडवतात आणि एकत्र बाहेर पडतात. परीकथेच्या हिशेबाने पुढचे पाऊल उघड होते. ल ग्विन यांनी ते टाकले नाही. मुक्त झालेल्या मुलीच्या हाती लगेच वरमाला देण्याऐवजी तिला मोकळेपणाची भीती वाटू दिली, आणि कादंबरी दोघांच्या आगमनाशी थांबवली. या दोघांची जोडी जुळते ती 'तेहानू' या कादंबरीत, १९९० साली. यावेळची १९ वर्षे पात्रांनी कोऱ्या पानात ढकललेली नव्हती. ती लेखिकेने स्वतः घालवली होती.

या काळात तेनार एका शेतकऱ्याची पत्नी झाली, दोन मुलांची आई झाली, विधवा झाली. भाजलेल्या एका मुलीला तिने पदरात घेतले. गेड आपली सारी शक्ती खर्च करून, रिता होऊन परत येतो. आता तो शेळ्या राखतो. जादूगारांचे सामर्थ्य ब्रह्मचर्यावर कसे उभे होते, याची चर्चाही प्रथम येथे होते. सामर्थ्य गेल्यावरच तो पुरुष म्हणून तिच्याजवळ येऊ शकतो. जेवणानंतरची भांडी कोणी आवरायची, हा प्रश्नसुद्धा या कादंबरीला क्षुद्र वाटत नाही. १९९२ मध्ये ऑक्सफर्ड येथे दिलेल्या व्याख्यानात ल ग्विन यांनी वीरकथेची परंपरा पुरुषकेंद्री असल्याचे आणि आपणही तिच्यात राहून लिहीत होतो याचे भान मांडले. 'तेहानू' अनेक वाचकांना रुचली नाही. पराक्रम कुठे आहे, असे त्यांनी विचारले. त्यांचा आक्षेप खरा होता. परीकथेचे ३१वे कार्य कादंबरीच्या मनाला पटेल असे लिहायचे, तर आधीची ३० कार्ये मागे सोडावी लागतात.

भारतीय काव्यशास्त्राशी परिचय असलेल्या वाचकाला या संदर्भात निर्वहण संधीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. मुखसंधीत पेरलेल्या बीजाचा शेवटी मेळ बसावा, हे सर्वज्ञात आहे. पण निर्वहणात अद्भुत रसाची योजना करावी, असेही भरताने सांगितले आहे. नाटकातील जग परिचित असते, म्हणून त्याच्या शेवटी विस्मय हवा. अद्भुत कादंबरीत विस्मय पहिल्या पानापासून पसरलेला असतो. मग तिच्या निर्वहणातला अद्भुत कोणता? डोंगर फुटले, सिंहासने कोसळली. यानंतर वाचकाला चकित करील अशी एकच गोष्ट उरते, आणि ती म्हणजे दोन सामान्य माणसांनी उद्या सकाळीही एकमेकांबरोबर राहायचे ठरवणे. या वाङ्मयप्रकारात तोच शेवटचा चमत्कार होय. त्यालाच घाईने उरकले, तर कादंबरी आपला अखेरचा अद्भुत गमावते.

मराठी कादंबरीच्या आरंभकाळातील एक विधान या प्रश्नाला अनपेक्षित बाजूने भिडते. १८६८ साली प्रसिद्ध झालेल्या 'मंजुघोषा'च्या प्रस्तावनेत नारो सदाशिव रिसबूड यांनी असा युक्तिवाद केला की आपल्याकडील विवाहाच्या रीतीमुळे आणि अन्य कारणांमुळे लोकांच्या आयुष्यात मनोरंजक असे काही घडत नाही, आणि म्हणून कादंबरीकाराला अद्भुताचा आश्रय घेणे भाग पडते. रिसबुडांचे हे मत पुढे वास्तववादाच्या समर्थकांनी पुरेपूर झोडपले. तथापि त्यातील एक निरीक्षण आजही विचारात घेण्याजोगे आहे. विवाह जेथे आधीच ठरलेला, तेथे कथेला जागा नाही, हे त्यांनी ओळखले होते. ठरलेल्या विवाहापासून सुटण्यासाठी त्यांनी अद्भुताचे दार उघडले. इंग्रजी अद्भुत कादंबरी त्याच दाराने बाहेर पडते आणि समोर तिला पुन्हा ठरलेला विवाहच भेटतो. फरक एवढाच, की एकीकडे तो कुटुंबाने ठरवलेला असतो आणि दुसरीकडे कथेच्या सांगाड्याने. दोन्हीकडे वधूला विचारलेले नसते.

म्हणून शेवटची जोडी खटकते तेव्हा वाचकाने स्वतःच्या अरसिकतेला बोल लावू नये, आणि लेखकाच्या कारागिरीलाही नुसता बोल लावून थांबू नये. त्या ठिकाणी एखादे पात्र असे उभे असते, ज्याने कथेत काहीतरी विचारले होते आणि ज्याला उत्तराऐवजी जोडीदार दिला गेला. एओविन त्या तटावर प्रेमाने सुखावते, हे खरेच आहे. फारामिरला तलवार तिच्या धारेसाठी प्रिय नाही, हे कादंबरीने फार आधी सांगून ठेवले आहे, त्यामुळे या जोडीला बीजही आहे. परंतु गजांआड राहून गजांचीच सवय होण्याविषयी तिने जे विचारले होते, ते तिचे एकटीचे नव्हते. रोहनच्या घराघरांत मागे राहिलेल्या, ज्यांना कोणी फारामिर भेटला नाही अशा स्त्रियांचाही तो प्रश्न होता. त्यांच्यापर्यंत ते उत्तर पोहोचत नाही.